जुनी चिनी पोर्सेलीन : भांडं उलटं केल्यावर आधी काय बघायचं?

नीलकांती (धागालेखिका)

जुन्या वस्तूंच्या या विभागात गेले काही महिने चिनी पोर्सेलीनचे फोटो वरचेवर येतायत. जवळपास प्रत्येक फोटोखाली प्रश्न तोच : 'बुडाशी चिनीत काय लिहिलंय, कुणी सांगेल का?' कुणीतरी ते वाचून देतं, 'छ्यानलोंग' असं सम्राटाचं नाव निघतं, शोधल्यावर १७३६ ते १७९५ हा काळ सापडतो आणि घरच्यांचा आनंद गगनात मावत नाही. हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे, म्हणून एकदा सविस्तर लिहिते. माझं म्हणणं एवढंच आहे की शिक्का सगळ्यात शेवटी वाचा. भांडं उलटं जरूर करा, पण बुडाची कड बघायला.

आधी शिक्क्याचं उरकून घेऊ. मिंग (१३६८–१६४४) आणि छिंग (१६४४–१९१२) राजवटींत सम्राटाच्या कारकिर्दीचं नाव बुडाशी लिहायची पद्धत रुळली. सहसा सहा अक्षरं, उजव्या ओळीपासून वरून खाली वाचायची. अर्थ असा, की महान छिंग राजवटीत अमुक सम्राटाच्या काळी बनवलेलं. चार अक्षरी शिक्क्यात राजवटीचं नाव गाळतात. इथवर सोपं आहे. पण आधीच्या काळातल्या सम्राटाचं नाव आदरापोटी घालणं चीनमध्ये शतकानुशतकं चालत आलंय, आणि त्यात दर वेळी फसवायचा हेतू असतो असं नाही. खांगशी सम्राटाच्या काळातल्या (१६६२–१७२२) कितीतरी उत्तम भांड्यांवर त्याच्या दोनशे वर्षं आधीच्या छंगह्वाचं (१४६५–१४८७) नाव आहे. १६७७ मध्ये तर जिंगदेझेन या पोर्सेलीनच्या मुख्य गावच्या स्थानिक अधिकाऱ्याने भांड्यांवर सम्राटाचं नाव घालायलाच मनाई केली. भांडं फुटून उकिरड्यावर गेलं की नावाचा अवमान होतो म्हणून. त्यामुळे त्या सुमाराच्या मालावर नुसती निळी दुहेरी वर्तुळं दिसतात, आत रिकामी, नाहीतर एखादं पान काढलेलं. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात खांगशीच्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांचं वेड पसरलं तेव्हा जिंगदेझेनने चार अक्षरी खांगशी शिक्क्याचा माल भरभरून पाठवला. आज बाजारात 'खांगशी' म्हणून दिसणारं बरचसं तेव्हाचं आहे, उरलेलं अगदी कालपरवाचं.

म्हणजे शिक्का काय सांगतो? हे भांडं त्या सम्राटाच्या आधीचं नाही, एवढंच.

आता बूड. जिंगदेझेन हे च्यांगशी प्रांतातलं गाव हजार वर्षं या धंद्याचं केंद्र आहे. तिथली पोर्सेलीन दोन गोष्टींची : पांढरी केओलिन माती आणि कुटून बारीक केलेला एक विशिष्ट दगड. साधारण १३०० अंशांच्या भट्टीत दोन्ही एकजीव होतात. निळं चित्र कोबाल्टचं. ते कच्च्या अंगावर काढायचं, वर झिलई, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा थर, चढवायची आणि मग एकदाच भाजायचं. भट्टीत भांडं ज्या कडेवर उभं राहतं तिथली झिलई आधी पुसून घ्यावी लागते, नाहीतर भांडं खाली चिकटून बसेल. त्यामुळे उघडी माती दिसायची भांड्यावर ती एकच जागा. नकल करणारा चित्रावर जीव ओततो, शिक्का घोटून घोटून काढतो, पण माती, चाक आणि भट्टी या तिन्ही गोष्टी कडेवर उघड्या पडतात.

माझ्याकडे खांगशी काळातली एक फुटकी बशी आहे, अर्ध्याहून थोडी जास्त उरलेली. फुटलेल्या बाजूने भिंगातून पाहिलं की अंग पांढरंशुभ्र आणि दाट दिसतं. झिलई वर वेगळा थर होऊन बसलेली नाही, मातीत मुरलेली आहे. बुडाची कड हाताला सहाणेसारखी गुळगुळीत लागते. झिलई जिथे संपते तिथे केसाएवढी नारिंगी-तपकिरी रेघ आहे, ती मातीतल्या लोहाची. कडेच्या आतल्या बाजूला कुंभाराने हत्याराने घेतलेली तिरकी छाट अजून स्पष्ट दिसते. आणि वापराचे ओरखडे आहेत, पण ते मध्यभागी, जिथे दुसरी बशी वर ठेवली जायची तिथे. दाटीवाटीने, वेगवेगळ्या दिशांचे, वेगवेगळ्या खोलीचे. कडेपाशी जवळजवळ नाहीतच.

त्यामुळे नवशिक्याला माझा पहिला सल्ला कायम हाच असतो, की फुटकं घ्या. टवका उडालेली, चीर गेलेली, पण निर्विवाद जुनी बशी. धडधाकट 'मिंग' फुलदाणी स्वस्तात मिळतेय म्हणून घेण्यापेक्षा ती लाखपटीने शिकवते. दुसरा सल्ला मुंबईकरांना : छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून आलेल्या चिनी-जपानी वस्तू आहेत. तिथे जाऊन काचेपाशी अर्धा तास उभं राहा. निळ्याच्या छटा डोळ्यांत बसू द्या. डोळ्याला चांगल्याची सवय लागली की वाईट आपोआप खटकतं.

रंगांविषयी एकच सांगते, कारण ते फार उपयोगी पडतं. झिलईवर काढून कमी आचेवर पुन्हा भाजलेले रंग असतात, त्यातला गुलाबी हा सोन्यापासून होतो आणि चीनमध्ये तो १७२० च्या आसपास आला. तेव्हा मऊ, दुधाळ गुलाबी फुलं आणि खाली मिंग शिक्का असं दिसलं तर पुढे वाचायची गरज नाही. मिंग काळात तो रंगच नव्हता.

फोटो टाकताना बुडाचा एक सरळ वरून आणि एक कड जवळून तिरक्या उजेडात, असे दोन नक्की टाका. प्रश्न विचारा, जमेल तसं सांगेन.

---

स्वरूपा_के

ताई, फार छान धागा. आमच्याकडे सासरच्या जुन्या वाड्यातून आलेली एक मोठी बशी आहे. निळा, विटकरी लाल आणि थोडा सोनेरी रंग, मध्ये फुलांची कुंडी. खाली काहीच लिहिलेलं नाही म्हणून सगळे म्हणतात की जुनी नसणार. मागच्या बाजूला पितळेचे का कसले तीन टाके मारलेत. दिवाळीच्या आवराआवरीत देऊन टाकायची असं ठरत होतं.

नीलकांती

स्वरूपा, देऊ नकोस! आणि कृपा करून टाके काढू नकोस. बुडाचे फोटो टाक, मग बोलू. शिक्का नाही हे वाईट लक्षण अजिबात नाही. अठराव्या शतकात परदेशी धाडलेल्या मालावर बहुतेक वेळा शिक्का नसायचाच.

---

सुलभा_मावशी

माझ्या माहेरी निळ्या रंगाच्या बश्यांचा संच आहे. त्यावर पूल, पुलावर तीन माणसं, विलोचं झाड आणि वर दोन पक्षी. आई म्हणायची की हे खास चीनहून आलंय. हे किती जुनं असेल?

नीलकांती

मावशी, हे चित्र इंग्लंडमधलं आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लिश कारखान्यांनी चिनी धाटणीवरून ते तयार केलं आणि पुढे लक्षावधी बश्यांवर छापलं. छापलं हा शब्द मुद्दाम वापरतेय, कारण ते हाताने रंगवलेलं नसून कागदावरून उतरवलेलं असतं. काठाची नक्षी सबंध फिरवून बघा, एका जागी ती नीट जुळत नाही, सांधा दिसतो. भिंगातून निळ्यात बारीक ठिपके आणि रेघा दिसतील, कुंचल्याचा फटकारा दिसणार नाही. संच मात्र जपा. चांगल्या इंग्लिश कारखान्याचा असेल तर मागे इंग्रजी नाव असेल, ते कळवा.

---

यंत्रयुग

सगळं वाचलं. पण एवढं डोळ्यांवर विसंबायचं कशाला? थर्मोल्युमिनेसन्स चाचणी आहे ना. नमुना द्या, अहवाल घ्या, विषय संपला. माणसाच्या नजरेपेक्षा यंत्र बरं.

नीलकांती

चाचणी उपयोगी आहे, नाही म्हणत नाही. शेवटचं भाजल्यापासून मातीतल्या खनिजांनी किती किरणोत्सार साठवलाय ते ती मोजते. पण तीन गोष्टी लक्षात घ्या. पोर्सेलीनला त्यासाठी बुडातून छोटा गाभा भोक पाडून काढावा लागतो. पातळ कपाला ते परवडणारं नाही. उत्तर येतं ते बऱ्याच मोठ्या फरकाने, त्यामुळे 'काल केलेलं की जुनं' हे कळतं, पण १७२० की १७६० हे कळत नाही. तिसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. नमुना जिथून घेतला तेवढ्याच भागाचा अहवाल असतो. खरं जुनं फुटकं बूड घेऊन त्यावर नवं अंग जोडणारे लोक आहेत, आणि कृत्रिम किरणोत्सार देऊन आकडा वाढवणारेही आहेत.

एक्स-रे फ्लुरोसन्स भोक न पाडता होतं आणि रंगांसाठी मला ते जास्त आवडतं. कोबाल्टमध्ये मँगनीज किती, लोह किती हे कळतं. चौदाव्या शतकात आणि पंधराव्याच्या सुरुवातीला पश्चिमेकडून आलेला कोबाल्ट लोहाने भरलेला आणि मँगनीज कमी असलेला. चीनमधला नेमका उलटा. हिरव्यात क्रोमियम निघालं तर अठराव्या शतकाचा दावा टिकत नाही. पण हेही 'नाही' सांगायला चांगलं, 'हो' सांगायला अपुरं.

यंत्रयुग

बुडाला नवं अंग जोडतात हे माहीत नव्हतं. मग असा सांधा ओळखायचा कसा?

नीलकांती

अतिनील दिवा. अंधाऱ्या खोलीत तो फिरवला की बहुतेक आधुनिक गोंद आणि वरून फासलेला रंग वेगळे चमकतात, मूळ झिलई शांत राहते. आणि कान. भांडं तळहातावर हलकंच तोलून बोटाच्या पेराने टिचकी मारा. धड असेल तर आवाज घुमतो, चीर असेल तर बद्द वाजतो.

---

थेम्सकाठी

लंडनहून लिहितोय. इथे ब्रिटिश म्युझियमच्या ९५ क्रमांकाच्या दालनात सर पर्सिव्हल डेव्हिड यांचा संग्रह आहे, सुमारे १७०० वस्तू. हे डेव्हिड १८९२ मध्ये मुंबईत जन्मले आणि शिकलेही मुंबईतच. वडील सर ससून डेव्हिड, बँक ऑफ इंडियाच्या संस्थापकांपैकी. मुंबईच्या माणसाने चिनी पोर्सेलीनचा जगातल्या सर्वोत्तम संग्रहांपैकी एक उभा केला ही गोष्ट आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक आहे, म्हणून मुद्दाम लिहावंसं वाटलं.

नीलकांती

तुमचे मनापासून आभार. हा विषय मी मुद्दाम मागे ठेवला होता, कारण त्यावर लिहायला लागले की थांबवत नाही.

डेव्हिडसाहेब नुसते श्रीमंत ग्राहक नव्हते. चिनी भाषा शिकले, जुने चिनी ग्रंथ वाचले, १९२० च्या दशकात पेकिंगला गेले. राजघराण्याने तिथल्या एका बँकेकडे गहाण टाकलेल्या वस्तूंमधून त्यांनी कितीतरी मोलाच्या वस्तू विकत घेतल्या. पण संग्रहाचं काळीज म्हणजे त्या दोन फुलदाण्या. उंची ६३ सेंटिमीटरच्या आसपास, गळ्याला हत्तीच्या मुंडक्यांचे कान, अंगावर ढगांतून जाणारा ड्रॅगन, वर फिनिक्स. आणि गळ्यावर निळ्यात लिहिलेला लांबलचक मजकूर : चांग वन्जिन नावाच्या भक्ताने कुटुंबाच्या सुखशांतीसाठी धूपपात्रासह ही जोडी देवळाला वाहिली. साल १३५१. धूपपात्र आजवर सापडलेलं नाही. फुलदाण्यासुद्धा वेगवेगळ्या दोन संग्राहकांकडे गेल्या होत्या, डेव्हिडसाहेबांनी त्या पुन्हा एकत्र आणल्या.

त्याचं महत्त्व असं, की तोवर युआन काळात (१२७९–१३६८) इतकं पक्व निळं-पांढरं काम होत होतं हे कुणी मानायला तयार नव्हतं. चिनी रसिक पारंपरिकपणे अशा मालाला कमी लेखत आलेले. १९२९ मध्ये ब्रिटिश म्युझियमचे हॉब्सन यांनी यातल्या एका फुलदाणीवर लिहिलं, तरी फारशी खळबळ झाली नाही. १९५० च्या दशकात अमेरिकन अभ्यासक जॉन पोप यांनी या जोडीची निळाई, लाटा, कमळाची पानं समोर ठेवून इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातली आणि इराणच्या अर्दबील दर्ग्यातली भांडी तपासली. एकेक नमुना जुळत गेला आणि आधी मिंग म्हणून गणलेल्या भांड्यांचा एक गठ्ठाच चौदाव्या शतकात सरकला. पारख म्हणजे हे. तारखेची एक निर्विवाद वस्तू घ्यायची आणि बाकीच्यांचे हात-पाय तिच्याशी लावून बघायचे.

आणि हा धागा आपल्या देशातही येतो. दिल्लीत फिरोजशाह कोटल्यात युआन काळातल्या निळ्या-पांढऱ्या थाळ्या-वाडग्यांचे तुकडे सापडले, त्यांतल्या काहींवर शाही मुदपाकखान्याची फारसी खूण कोरलेली आहे. तुघलकांच्या स्वयंपाकघरात जिंगदेझेनची भांडी होती, ती अशी.

थेम्सकाठी

१९५० पासून हा संग्रह लंडन विद्यापीठाकडे होता, २००९ पासून ब्रिटिश म्युझियममध्ये मांडलेला आहे, आणि २०२४ मध्ये तो म्युझियमला कायमचा देत असल्याचं विश्वस्तांनी जाहीर केलं. दालनाला प्रवेश विनामूल्य आहे. मराठी मंडळी लंडनला आली की मी त्यांना तिथे नेतोच.

---

कुंचला

नीलकांतीताई, लेख आवडला, पण शिक्का शेवटी हे मला पूर्ण पटत नाही. मी सुलेखनाचा विद्यार्थी आहे. अक्षरं कोण्या हाताने लिहिलीत यावरून खूप कळतं. दरबारी कारखान्यातले लेखक निवडक असायचे.

नीलकांती

तुमचा मुद्दा बरोबर आहे, आणि माझं म्हणणं त्याने थोडं सुधारून घेते. शिक्का मजकूर म्हणून शेवटी वाचावा. चित्र म्हणून मात्र बाकीच्या चित्राबरोबरच बघावा. छंगह्वाची सहा अक्षरं थोडी जाड, काहीशी बालिश वाटावी अशी, पण जिवंत. योंगझेंगच्या काळात (१७२३–१७३५) बहुतेक नेटकं सरळ वळण. छ्यानलोंगच्या काळी मुद्रालिपीतला, म्हणजे ठशांवर कोरायच्या जुन्या लिपीतला, चौकोनी शिक्का जास्त. रेघेच्या सुरुवातीला कुंचला टेकतो तिथे निळा साकळतो, उचलतो तिथे फिकटतो. नकलेत ही चढउतार हरवते, सबंध अक्षर एकाच दाबाने ओढलेलं दिसतं, कारण हात लिहीत नसतो, बघून काढत असतो. शिक्क्याचा निळा आणि चित्रातला निळा एकच आहे का हेही तुमच्यासारख्या माणसाला चटकन दिसेल.

---

रोहन_गिरगाव

चोरबाजारात एक फुलदाणी घेतली, दीड फुटी. मटण स्ट्रीटवरच्या विक्रेत्याने सांगितलं की जुन्या बंगल्यातून आलीय. छ्यानलोंगचा चौकोनी शिक्का आहे. बुडाचे फोटो जोडलेत. खरं काय ते स्पष्ट सांगा, वाईट वाटणार नाही.

नीलकांती

रोहन, फोटो अगदी हवे तसे काढलेस, त्यामुळे ठामपणे सांगता येतं. फुलदाणी नवी आहे. का ते सांगते.

झिलईची चमक सगळीकडे सारखीच मारलेली आहे. खऱ्या वापराने चमक हात लागतो तिथे जाते : गळा, पोट, बुडाजवळची कड. इथे तर फुलदाणीच्या हत्तीच्या मुंडक्यांच्या आकाराच्या कानांच्या आतल्या बाजूलाही, जिथे कुणाचं बोट पोचत नाही, तसाच मंदपणा आहे. हे आम्लाचं काम. ओरखडे सगळे एकाच दिशेला, एकाच खोलीचे, म्हणजे बारीक पॉलिशपेपर. बुडाच्या कडेवरचा तपकिरी रंग झिलईच्या सीमेवर रेघ होऊन बसलेला नाही, तो मातीच्या छिद्रांत शिरलाय आणि झिलईवरही पसरलाय. चहाचं पाणी किंवा तत्सम काही लावलेलं. ओल्या कापसाने एक कोपरा पुसून बघ, कदाचित निघेलही.

विक्रेत्याला माहीत असेलच असं नाही, त्याच्याकडेही ती कुणाकडून तरी आलेली असते. पण 'जुन्या बंगल्यातून' हा पुरावा नव्हे. पुरावा म्हणजे पावती, जुना फोटो ज्यात वस्तू दिसतेय, लिलावाचा चिकटवलेला कागद, मृत्युपत्रातली नोंद. वस्तूच्या पाठीमागे कागद उभा असेल तर किंमत कुठल्या कुठे जाते.

रोहन_गिरगाव

पुसलं. कापूस तपकिरी झाला. धन्यवाद ताई, पुढच्या वेळी आधी इथे विचारेन.

---

अमोघ_ठाणे

तज्ज्ञांचंही चुकतं ना पण? फ्रान्समधली ती बातमी आठवली.

नीलकांती

हो, फोंतेनब्लोची. ऑक्टोबर २०२२. मोठ्या गोल पोटाची, ड्रॅगन-ढगांची निळी-पांढरी फुलदाणी. लिलावगृहाच्या तज्ज्ञाने ती विसाव्या शतकातली धरून १५०० ते २००० युरो अंदाज दिला होता. बोली ७७ लाख युरोवर थांबली, शुल्कासह ९० लाखांच्या वर. तज्ज्ञ आपल्या मतावर ठाम राहिला आणि लिलावगृहाने त्याच्याशी काम थांबवलं. लोक ही गोष्ट 'तज्ज्ञ हरला' म्हणून सांगतात. मला तसं वाटत नाही. बोली लावणाऱ्यांची इच्छा किती तीव्र आहे ते किंमत सांगते, भांड्याचं वय सांगत नाही. दोन श्रीमंत माणसं एकाच वेळी चुकू शकतात, आणि एक तज्ज्ञही चुकू शकतो. या प्रकरणात कोण चुकलं हे बोलीच्या आकड्यावरून ठरवणं मला मान्य नाही.

उलट बाजूचं उदाहरण अमेरिकेतलं. कनेटिकटमध्ये घरगुती सामानाच्या विक्रीत ३५ डॉलरला घेतलेला छोटा वाडगा योंगलेच्या काळातला (१४०३–१४२४) निघाला आणि मार्च २०२१ मध्ये न्यूयॉर्कला ७,२१,८०० डॉलरला गेला. त्यावर शिक्का नव्हता बरं का. ओळखला तो आकारावरून, झिलईच्या रेशमी स्पर्शावरून आणि निळ्याच्या जातीवरून.

---

मांडवीकाठ

आमच्या गोव्यात जुन्या घरांतून चिनी भांडी खूप. चांदोरच्या ब्रागांझा घरात तर बघण्यासारखा संग्रह आहे. लहानपणी ओल्ड गोव्याच्या बाजूला नदीकाठी निळे-पांढरे तुकडे सहज दिसायचे. हे तुकडे कुठले असावेत?

नीलकांती

पोर्तुगीज जहाजं मकाव-गोवा-लिस्बन अशी जायची, त्यामुळे सोळाव्या शतकाच्या अखेरीचं आणि सतराव्याच्या पूर्वार्धातलं निळं-पांढरं गोव्यात असणं अगदी स्वाभाविक. सेंट ऑगस्टीनच्या परिसरातल्या उत्खननातही चिनी पोर्सेलीन निघालीय. वानली काळातला (१५७३–१६२०) निर्यातीचा माल ओळखायला सोपा : काठाला चौकटी चौकटी पाडलेल्या, मध्ये हरणं किंवा पक्षी, अंग पातळ आणि ठिसूळ, झिलई काठावरून टवके उडालेली, बुडाला भट्टीतली वाळू चिकटलेली. बुडावर मध्यापासून बाहेर जाणाऱ्या बारीक रेघा दिसतात, त्या चाकावर हत्यार थरथरल्याच्या.

एकच विनंती, तुकडे उचलू नका. ते जिथे पडलेत ती जागाच अभ्यासकाला अर्धी माहिती देते. घरी आणलेला तुकडा नुसती शोभा होतो.

कायद्याचं_पान

यात थोडी भर घालतो. संरक्षित स्मारकाच्या आवारातून काहीही उचलणं गुन्हा आहे. शिवाय १९७२ च्या पुरावशेष आणि बहुमोल कलाकृती कायद्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुनी कलाकुसरीची वस्तू 'पुरावशेष' ठरते. ती चीनमध्ये बनलेली असली तरी भारतात असेल तर खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेतल्या मुलाला आजीची फुलदाणी सामानात घालून देणारे बरेच आहेत, त्यांनी हे वाचावं. वस्तू शंभर वर्षांची नाही अशी खात्री असेल तर पुरातत्त्व खात्याकडून तसं प्रमाणपत्र घेऊन मग पाठवावी. पुरावशेषांचा व्यापार करायलाही परवाना लागतो. घरात ठेवायला, वारसाने द्यायला अडचण नाही.

---

फ्रामजीवाडी

दादरच्या पारशी वसाहतीत लहानपण गेलं. शेजारच्या बाईंच्या काचेच्या कपाटात फुलपाखरं, गुलाबी फुलं आणि बाल्कनीत बसलेल्या चिनी बायकांची चित्रं असलेली ताटं होती. चौकटी पाडलेल्या, मधे सोनेरी. त्यांचे पणजोबा चीनमधल्या कॅन्टन बंदरात व्यापार करायचे. हे खरंच चीनचं?

नीलकांती

अगदी चीनचं. भांडी जिंगदेझेनला कोरी भाजायची, कॅन्टनला आणायची आणि तिथल्या रंगशाळांत ती रंगवायची, कारण परदेशी व्यापारी कॅन्टनमध्येच होते. एका चौकटीत माणसं, दुसरीत फुलं-पक्षी हा प्रकार एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून प्रचंड निघाला. मुंबईच्या पारशी व्यापाऱ्यांची जहाजं कापूस आणि अफू घेऊन जायची आणि परतताना रेशीम, चहा, भांडी आणायची. आजच्या बाजारात अशा ताटांना फार मोठी किंमत नाही, पण मुंबईच्या इतिहासाच्या दृष्टीने मला ती एखाद्या दरबारी वाडग्याइतकीच महत्त्वाची वाटतात, कारण ती कुठून, कुणाच्या हातून आली हे घरच्यांना माहीत आहे. त्या कुटुंबाला सांगा, पणजोबांचं नाव, बंदर आणि अंदाजे साल एका कागदावर लिहून ताटांसोबत ठेवा.

रोमन लिपीत नुसतं 'चायना' असेल तर १८९१ नंतरचं धरा, अमेरिकेच्या आयात कायद्यामुळे तेव्हापासून देशाचं नाव घालणं सुरू झालं. 'मेड इन चायना' विसाव्या शतकातलं.

---

स्वरूपा_के

ताई, फोटो टाकलेत. बुडाची कड जवळून, टाके, आणि काठ. व्यास साधारण ३५ सेंटिमीटर. काठाला वरून तपकिरी रंगाची रेघ आहे. आतल्या लाल रंगावर हात फिरवला की किंचित उंचवटा लागतो, निळा मात्र सपाट आहे. टिचकी मारली, आवाज बद्द येतो.

नीलकांती

स्वरूपा, वाट बघत होते. निरीक्षणं उत्तम केलीस. निळा सपाट कारण तो झिलईखाली आहे. लाल आणि सोनेरी वरून रंगवून पुन्हा भाजलेत. या तीन रंगांची जुळणी मूळ जपानची, तिकडचा माल युरोपात खपायला लागला तेव्हा जिंगदेझेनने तीच धाटणी उचलली. तुझी बशी जपानी की चिनी याचं उत्तर बुडाशी आहे. जपानी मोठ्या बश्यांच्या बुडावर भट्टीतल्या टेकूंचे चार-पाच छोटे ठिपके राहतात, तुझ्या बशीवर एकही नाही. कड बारीक, स्वच्छ छाटलेली, झिलईच्या सीमेवर नारिंगी रेघ आहे आणि ती सबंध फिरलेली आहे. काठावरची तपकिरी रेघ चिनी सवय. लाल आणि सोनेरी झिजलेत, पण मध्यभागी जास्त आणि काठाकडे कमी, म्हणजे बशी वापरात होती.

माझं मत : चिनी, निर्यातीसाठी केलेली, अठराव्या शतकाचा पूर्वार्ध. फोटोवरून याहून पुढे जाणार नाही. प्रत्यक्ष हातात घेणाऱ्या जाणकाराला एकदा दाखव.

बद्द आवाज टाक्यांपाशी असलेल्या चिरेमुळे. ते टाके म्हणजे जुनी दुरुस्ती : चिरेच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या जाडीपर्यंतच भोक पाडायचं, आरपार नाही, आणि धातूची चिमटी गरम करून बसवायची, थंड होताना ती आकसते आणि चीर घट्ट धरते. त्या काळी कुणीतरी ही बशी पैसे खर्चून दुरुस्त करून घेतली, कारण ती त्यांना टाकवत नव्हती. टाक्यांनी विक्रीची किंमत कमी होते हे खरं, पण ते काढलेस तर चीर पुढे सरकेल. अॅरल्डाइट वगैरे अजिबात नको.

धुवायची असेल तर खाली जाड टॉवेल, कोमट पाणी, साधा सौम्य साबण, मऊ ब्रश. ब्लीच नाही, सोनेरी भागावर घासणं नाही. भिंतीवर तारेच्या स्प्रिंगच्या हँगरने टांगू नकोस, तो काठावर सतत ताण देतो आणि चिरलेली बशी तिथेच उलते. लाकडी घडवंचीवर ठेव, मागे टेकू देऊन.

स्वरूपा_के

घरी सगळ्यांना वाचून दाखवलं. सासूबाई म्हणतात, वाड्यात पूर्वी अशा दोन होत्या, दुसरी धाकट्या आत्यांकडे सांगलीला असणार. आत्यांना फोन करून त्यांच्या बशीचे बुडाचे फोटो मागवते.